छतावरच्या पाच अगरबत्त्या

रायपुरात माणसाच्या पेशी वाढवायची सरकारी खोली होणार आहे आणि मी तिथे कामाला लागणार आहे, हे मी घरी सांगितलं, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "यहाँ? इस धूल में, दीदी?" आमच्या घरात आई-बाबा मराठी बोलतात, मी दोन्ही बोलते, आणि भाऊ मराठीतलं सगळं समजून हिंदीत उलटून बोलतो. मी त्याला चूप बैस म्हटलं, कारण त्याचं म्हणणं खरं होतं.

शहराच्या एका अंगाला उरला नावाची कारखान्यांची वस्ती, तिच्या पुढे सिलतरा. तिथे लोखंड वितळतं, लाटलं जातं, आणि जे उरतं ते वाऱ्याबरोबर आमच्याकडे येतं. पंडरीच्या बाजारातून आणलेली पांढरी चादर दोन धुण्यांत राखाडी होते, आणि आई पाहुण्यांना बिनदिक्कत सांगते की ती राखाडीच घेतली होती. अशा गावात मला एक अशी खोली सांभाळायची होती, जिच्या हवेत धुळीचे कण यंत्राने मोजून पाहिले तर जवळजवळ सापडू नयेत.

खोली कशासाठी, ते सांगते. आमच्या भागात सिकल सेल हा रक्ताचा आजार घरोघरी आहे, आमच्या नात्यातच दोघांना आहे. या आजारात पुष्कळांच्या खुब्याचं हाड आतून मरत जातं आणि ऐन पंचविशीत माणूस लंगडायला लागतो. मेडिकल कॉलेजातल्या काही डॉक्टरांना एक गोष्ट तपासून बघायची होती. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या थोड्या पेशी घेतल्या, त्या प्रयोगशाळेत वाढवल्या आणि खुब्यात परत सोडल्या, तर हाड वाचतं का? वाचेल असं कोणी छातीठोक सांगत नव्हतं. ते बघायचं तर आधी पेशी हव्यात, स्वच्छ हव्यात, दर वेळी सारख्या हव्यात. अशा पेशी बनवून देणाऱ्या खासगी कंपन्या होत्या, पण त्यांचा भाव ऐकला की आमचे डॉक्टर फोन ठेवून द्यायचे. म्हणून सरकारने ठरवलं की सरकारी पैशातून एकच सामायिक खोली बांधायची, आणि ज्याचा अभ्यास मंजूर होईल त्याला तिथून पेशी वाढवून द्यायच्या. समाजाच्या मंडळाकडे लग्नाची मोठी पातेली असतात, प्रत्येक घराला ती विकत घ्यावी लागत नाहीत, तसंच हे. मला ही कल्पना फार आवडली होती. आजही आवडते, आणि तिला कोणी नाक मुरडलं तर मी भांडते.

भांडणाचं म्हणाल तर माझा राग त्या इमारतीत प्रसिद्ध होता. रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर आमची इमारत एकटीच उभी होती, आणि माझा आवाज म्हणे गेटवरच्या चौकीदारापर्यंत जायचा. खोलीत शिरायचं म्हणजे आधी काजळ नाही, पावडर नाही. टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवायची, संध्याकाळी तीच परत लावायची. मग हात धुवायचे, टोपी, मास्क, पायापासून डोक्यापर्यंत पांढरा सूट, दोन जोड हातमोजे. एकदा एक सुतार चपला घालून आतल्या दारापर्यंत आला, त्याला मी जे बोलले ते ऐकून तो आपला रंधा तिथेच टाकून गेला. दुसऱ्या दिवशी रंधा न्यायला त्याने बायकोला पाठवलं.

माझ्या वरच्या होत्या आमच्या डॉक्टर मॅडम, खोलीच्या प्रमुख. शांत बाई. मी तापले की त्या चष्मा पुसत बसायच्या. आणि छतावर होते काका.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. तीस वर्षं उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये फिटर होते, निवृत्तीनंतर ठेकेदारामार्फत आमच्याकडे आले. खोलीला हवा पुरवणारं मोठं मशीन छतावर होतं. बाहेरची हवा ओढायची, फिल्टरांतून गाळायची, थंड करून खाली सोडायची, हे त्याचं काम, आणि ते रात्रंदिवस चालू ठेवणं हे काकांचं. माझ्याशी ते आमच्या वऱ्हाडीतच बोलायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना ही खोली सरकारी पैशाची आहे, जपा, असं जरा ठसक्यात सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे जनतेचा पैसा. मंग त्यात मायाबी हाय ना, पोरी? बिडीवर टॅक्स भरून राहिलो इतके वर्सं." मला हसू आवरलं नाही, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

खोलीला मंजुरी मिळण्यासाठी अट होती. लागोपाठ तीन सराव निर्दोष व्हायला हवेत. सरावात खऱ्या पेशी नसतात. नुसतं पोषक द्रव घेऊन सगळी कृती खऱ्यासारखी करायची, बाटल्या दोन आठवडे ऊबेत ठेवायच्या, आणि एकही बाटली गढूळ झाली नाही, हवेतही गडबड झाली नाही, तर सराव पास. पैसा देणाऱ्यांची समिती दिल्लीहून दिवाळीच्या आधी येणार होती. तिच्यातल्या एकदोघांना मुळातच वाटत होतं की इतक्या धुळीच्या गावात हे व्हायचं नाही, सामान उचलून दुसऱ्या शहरात न्यावं. आमचे दोन सराव उत्तम झाले. तिसऱ्याची तारीख मी ठरवली. सप्टेंबरचा मध्य, कॉम्प्युटरवर कामाचा दिवस दिसत होता, मी टाकली.

रायपुरात राहून ती तारीख मी कशी विसरले, याचं मला अजून नवल वाटतं. त्या दिवशी विश्वकर्मा पूजा असते. उरल्यात, सिलतऱ्यात, रेल्वेच्या वर्कशॉपात त्या दिवशी मशीनला कोणी हात लावत नाही. मशीन धुतात, पुसतात, हळदकुंकू लावतात, हार घालतात, नारळ फोडतात. आमचं घर बौद्ध, पूजाअर्चा नाही. बाबा वर्कशॉपात होते तेव्हा त्या दिवशी बुंदीचं पुडकं घरी यायचं, एवढाच त्या सणाशी माझा संबंध. ते निवृत्त झाले, पुडकं बंद झालं, आणि माझ्या डोक्यातून तारीखही गेली.

सकाळी काका दारात आले होते. म्हणाले, "आज मशीन बंद ठेवाची असते, पोरी." मी सुटाची चेन ओढत होते. मी म्हटलं, "काका, हवा बंद झाली तर खोली मरन. तिले बंद करता येत नाई." ते "हव" म्हणून गेले. मला वाटलं, विषय संपला.

अकराच्या सुमाराला आम्ही दोघी आत, हातात पिपेट, अर्ध्याहून जास्त बाटल्या भरून झालेल्या, आणि कण मोजायचं यंत्र ओरडायला लागलं. आकडा वर, आणखी वर, लाल दिवा. मॅडमनी मला खूण केली. आम्ही सगळं झाकलं, काम थांबवलं, बाहेर आलो. नियमाप्रमाणे ती बॅच तिथेच बाद. मी सूट अंगावरून ओरबाडून काढला आणि जिने चढून छतावर गेले.

छतावर मशीन नवरीसारखं सजलं होतं. झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, समोर केळी आणि नारळ. हवा ओढणाऱ्या जाळीच्या अगदी बुडाशी, विटेच्या फटीत, पाच अगरबत्त्या. बाजूला कापूर. सगळा धूर अगदी सरळ रेषेत जाळीत शिरत होता. काका हात जोडून उभे होते. चालू मशीन बंद करता येत नाही म्हणून त्यांनी चालू मशीनची पूजा केली होती, आणि धूर इकडेतिकडे न जाता थेट आत जातोय हे बघून त्यांना उलट बरं वाटलं असावं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. "तुमची अक्कल मिलच्या भट्टीत जाळून आले काय तुमी?" हे त्यातल्या त्यात सौम्य. तीन महिन्यांची मेहनत, समितीचं तोंड, रायपूरचं नाव, सगळं मी त्यांच्या डोक्यावर ओतलं. त्यांनी वाकून अगरबत्त्या एकेक करून विझवल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिव्या दे, पोरी. माया हातून झालं. पन मले एक सांग. मी इथं धूर केला. तो खाली खोलीत गेला कसा?"

"मशीनीनं ओढला, आणखी कसा!"

"ओढला तं ओढला. मंग तुमचे ते भारी फिल्टर काय करून राहिले? धूर तिथंच अडाले पायजे होता."

काका बरोबर बोलत होते. खोलीच्या छतात बसवलेले शेवटचे फिल्टर अगरबत्तीचाच काय, त्याहून बारीक धूरही अडवतात, ती त्यांची ख्यातीच आहे. ते ठीक असते तर छतावर कोणी होळी पेटवली असती तरी यंत्र गप्प राहायला हवं होतं.

काका टॉर्च घेऊन खोलीचं आतलं छत आणि वरची गच्ची यांच्यामधल्या पोकळीत शिरले. मी आणि मॅडम खाली शिडी धरून. एकेका फिल्टरच्या कडेने बोट फिरवत ते सरकत होते, आणि आम्हाला फक्त त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. चौथ्याशी थांबले. "हे पाह्य. रबर दुमडलं हाय." फिल्टर आणि चौकट यांच्यामध्ये रबराची पट्टी असते. बसवणाऱ्या बाहेरगावच्या माणसांनी ती एका कोपऱ्यात दुमडून तशीच आवळली होती. नखाएवढी फट. जाडसर धूळ आधीच्या फिल्टरांत अडकायची म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. बारीक धूर मात्र तिथून खोलीत उतरला.

मॅडमनी चष्मा पुसला. "डिसेंबरात सिलतऱ्याचा धूर धुक्याबरोबर खाली उतरतो," त्या म्हणाल्या, "आणि डिसेंबरात आपण खऱ्या रुग्णाच्या पेशी घेणार होतो." एका माणसाच्या हाडात सुई घालून काढलेली मज्जा आम्ही त्या फटीखाली उघडली असती. मला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. काका वरून विचारत होते, "काहून हासून राहिल्या तुमी?"

खरी पंचाईत दुपारी झाली. जे घडलं त्याचा अहवाल त्याच दिवशी लिहावा लागतो, आणि तो लिहिणं माझं काम. मी ठेकेदाराच्या माणसाला फोन करून काकांचं काय होईल ते विचारलं. तो सरळ म्हणाला, अहवालात ज्याच्या हातून चूक झाली म्हणून नाव येईल, तो आमच्याकडे राहत नाही, उद्या दुसरा माणूस पाठवतो. मग आवाज उतरवून म्हणाला, "या फिर लिख दो मैडम, बिजली गई थी. सबका भला." आमच्याकडे वीज जातेच, कोणी शंका घेतली नसती. दोन तासांपूर्वी मी काकांना हाकलून द्यायला तयार होते. आता पेन हातात धरून मी 'वीज गेली' हे दोन शब्द लिहू का, याचा विचार करत होते. काकांना पेन्शन नाही, मुलगी परीक्षेची तयारी करते, हे मला माहीत होतं.

मी त्यांना खाली बोलावलं आणि म्हटलं, "काका, लाईट गेली असं लिहितो मी. तुमी कोनाले काई बोलू नका."

ते उभेच राहिले. "लाईट लिहिलं तं रबर कोन पाहीन?"

"रबर आपन ठीक करू ना."

"आपलं करू. त्याच लोकाईनं आनखी कुठं कुठं बसवले असतीन, तिथं? तिथंबी कोनाच्या पेशी असतीन." मग जरा चाचरत म्हणाले, "पूजा लिव. पाच अगरबत्त्या अन् कापराची एक वडी. बरोबर लिव, कमी-जास्त नको."

मी लिहिलं. चांगली चार पानं लिहिली. धूर कुठून आला, किती अगरबत्त्या, जाळीपासून किती वीत अंतर. सणाच्या दिवशी काम ठेवलं ही चूक माझी, हेही लिहिलं. हवा ओढणाऱ्या जाळीजवळ काय करू नये याचं शिक्षण काकांना आम्ही कधी दिलंच नव्हतं, हे मॅडमनी स्वतःच्या हाताने घातलं. मी काकांची माफी मागितली, जन्मात कोणाची मागितली नव्हती, म्हणून फार वाईट मागितली. "जाऊ दे न बाप्पा," ते म्हणाले आणि मला प्रसादातलं केळं दिलं.

समिती येईपर्यंतचे तीन आठवडे मी नीट जेवले नाही. काका रोज यायचे, मशीन पुसायचे, आणि संध्याकाळी जाताना विचारायचे, "उद्या येऊ ना?" मी "या" म्हणायचे. पुढचं मलाही माहीत नव्हतं.

समितीच्या प्रमुख एक वयस्कर बाई होत्या, दक्षिणेकडच्या, आवाज बारीक. त्यांनी अहवाल टेबलावर ठेवला आणि चौघांसमोर मोठ्याने वाचला. "पाच अगरबत्त्या आणि कापराची एक वडी" या वाक्याशी थांबल्या. त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग म्हणाल्या की फिल्टर गळतो का हे बघायला जगभर मुद्दाम धूरच सोडतात, त्यासाठी महागडं यंत्र असतं, आणि ते यंत्र आणायचं आमच्या कागदावर पुढच्या वर्षी होतं. पुढे त्यांनी जे विचारलं, त्यासाठी मी तीन आठवडे उपाशी होते: "वह आदमी अभी भी यहीं है?"

"है," मी म्हटलं. ठेकेदाराचा माणूस मागे उभा होता. तो म्हणाला की काकांना बदलायची तयारी झाली आहे.

"बदलिए मत," बाई म्हणाल्या. "सिखाइए." मॅडमनी लगेच, त्या शांत बाईने, टेबलावर हात आपटून सांगितलं की शिकवणीच्या यादीत पहिलं नाव काकांचंच आहे आणि ते नाव काढायचं असेल तर आधी खोलीच्या प्रमुखाचं काढा. तिसऱ्या सरावाऐवजी पुन्हा पहिल्यापासून तीन करायचे, मुदत वाढवून दिली, आणि सामान रायपुरातच राहील, असं ठरलं. मी जिने चढून छतावर गेले. या वेळीही माझा आवाज चौकीदारापर्यंत गेला म्हणतात.

नवे तीन सराव थंडीच्या तोंडावर झाले. सिलतऱ्याचा धूर धुक्यात मिसळून खाली आला होता, खिडकीतून समोरचा रस्ता दिसत नव्हता, आणि आमचं कण मोजायचं यंत्र आत गुपचूप बसलं होतं. मग मंजुरी आली, आणि मग एका सकाळी पहिल्या रुग्णाची मज्जा. त्या पेशी बाटलीच्या तळाशी चिकटल्या, लांबट झाल्या, एकीच्या दोन झाल्या. मी रोज सूक्ष्मदर्शकातून बघायचे आणि घरी येऊन भावाला वर्णन करून छळायचे. तो एकदा मराठीत म्हणाला, "बस कर आता." मला तेही आवडलं.

पेशींची पहिली पेटी मेडिकल कॉलेजला रवाना झाली, त्या दिवशी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. बाबा आले, आई आली. सगळे त्या पेटीभोवती गोळा होऊन फोटो काढत होते. काका बायकोला घेऊन आले होते, इस्त्रीचा शर्ट, केस तेलाने चोपडलेले. त्यांनी पेटीकडे एकदा पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "तिले तो कागद दाखोशीन का?"

अहवालाची प्रत बाहेर देता येत नाही, तसा नियम आहे आणि मी नियमाची पक्की. मी दोघांना नोंदींच्या खोलीत नेलं, कपाट उघडलं, फाईल टेबलावर ठेवली. अहवाल हिंदीत होता. काकू शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत त्या वाचू लागल्या. अगरबत्त्यांशी आल्या तेव्हा नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पान उलटलं. दोष कोणी शोधला, असा एक रकाना होता. तिथे काकांचं पूर्ण नाव होतं, माझ्या अक्षरात, आणि खाली समितीच्या बाईंची सही.

काकूंनी त्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तीस वर्सं मिलमंधी होते हे. यांच्या नावाचा कागद घरी आला का माया पोटात गोया यायचा. मेमो असे, नाईतं पगार कापला म्हनून असे. मी पुरा कधी वाचत नोती." त्यांनी पदराने बोट पुसलं, कागदाला डाग लागू नये म्हणून. "हा पैला कागद मी पुरा वाचला."

काका दाराशी उभे राहून भिंतीकडे बघत होते. काकूंनी मला विचारलं, "आनखी एकडाव वाचू काय?"

मी त्यांना खुर्ची ओढून दिली.